आठवी टाकी

१

मंगळवारी सकाळी सव्वासातला फोन वाजला. हेल्मी लाहटीने अजून पायात बूटही चढवले नव्हते.

"हेल्मी, कोणीतरी माझी पिल्लं मारली," पलीकडून गॉर्डी प्रुइट म्हणाला. शाळेपासूनचा ओळखीचा आवाज, पण असा बसलेला तिने कधी ऐकला नव्हता.

"किती?"

"मोजायला बसलीस तर जन्म जाईल. सात टाक्या."

टर्नस्टोन खाडीवर 'पिल्लं' म्हटलं की कोणी मांजराची समजत नाही. कालवाची पिल्लं, मिठाच्या कणाहून बारीक. गॉर्डीच्या हॅचरीत अंड्यांतून ती निघायची, तीन आठवडे टाकीत पोहायची आणि मग बी म्हणून खाडीतल्या प्रत्येक कालवाच्या वाफ्यात जायची. हॅचरीला शिंक आली की अख्ख्या खाडीला ताप यायचा. शेरीफच्या कचेरीतली हेल्मी खुनाला जेवढ्या घाईने निघाली असती, तेवढ्याच घाईने निघाली. तिचे वडीलही कालववालेच होते.

शेडमध्ये आठ टाक्या ओळीने उभ्या, प्रत्येक दोन पुरुष उंच. पहिल्या सातांच्या तळाशी गुलाबी-करडा गाळ बसला होता. तो गाळ म्हणजेच पिल्लं. आठवीतलं पाणी मात्र धुरकट दिसत होतं, आणि गॉर्डीने त्यावर बॅटरी धरली तेव्हा त्या धुरकटपणात हालचाल दिसली.

"ही जिवंत?" हेल्मीने विचारलं.

"हीच तर गंमत आहे! आठही टाक्या शनिवारी एकाच वेळी भरल्या, एकाच पंपाने, एकाच पाण्याने. रविवारी एकाच दिवशी अंडी सोडली. आज सात मेल्या, एक जगली. पाणी तेच, अंडी तीच, मग फरक काय? बाकी सातांत कोणीतरी काहीतरी टाकलं. आणि आपली टाकी सोडली." गॉर्डीने आवाज खाली आणला. "आठवी टावोची आहे. शिवाय नळ धुवायच्या ॲसिडचा कॅन फळीवरून गायब आहे."

ऑक्टाव्हियो रेन्टेरिया, म्हणजे टावो, दाराशी उभा होता. सहा वर्षं हॅचरीत काम करणारा, चाळिशीचा, कधी आवाज न चढवणारा माणूस. त्याचे डोळे लाल झाले होते. हेल्मी त्याच्याकडे वळली. नेहमीचे चार प्रश्न विचारायचे, तो नाही म्हणेल, मग पुढचं बघू, एवढंच तिच्या मनात होतं.

"टावो, मालक काय म्हणतात ते ऐकलंस ना?"

"ऐकलं, बाई." त्याने मान खाली घातली. "माझ्याच हातून झालं. माझ्यामुळेच मेली सगळी."

२

त्यानंतर त्याने तोंड उघडलं नाही. काय टाकलं? गप्प. कधी टाकलं? गप्प. कोणी टाकायला सांगितलं? त्यावर फक्त एकदा वर बघून नकारार्थी मान हलवली.

कबुली दिलेल्या माणसाला घरी सोडता येत नाही. हेल्मीने त्याला परगण्याच्या कोठडीत नेऊन बसवलं आणि सरकारी वकिलाला कळवलं. वकील खूश झाला. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत आरोप दाखल करतो म्हणाला. हेल्मी मात्र खूश नव्हती. टावोच्या अमेरिकेतल्या कायम वास्तव्याच्या अर्जाची सुनावणी पुढच्या महिन्यात होती. एकदा आरोप दाखल झाला की तो अर्ज बुडाला, मग खटल्यात सुटला काय नि न सुटला काय. तो मेक्सिकोत, बायको नि मुलगी इथे. हे टावोला पुरतं ठाऊक होतं. मग पहिल्याच प्रश्नाला त्याने आपला गळा आपणच का पुढे केला?

गुन्हा केलेला माणूस कबूल करतो तेव्हा कसा केला हेही सांगून मोकळा होतो, असा तिचा बावीस वर्षांचा अनुभव होता. अर्धी कबुली तिला कधीच पचत नसे.

ती परत हॅचरीत आली. पंपाच्या वर लाकडी फळी ठोकलेली होती आणि तिच्यावर गॉर्डीच्या वडिलांच्या हातची अक्षरं: "वारा उत्तरेचा, पाणी भरतीचं, थंड आणि नितळ."

"बाबांचा नियम," गॉर्डी म्हणाला. "चाळीस वर्षं आम्ही याच पाण्यावर जगलो. दक्षिणेचा वारा आला की नद्यांचा चिखल येतो. ओहोटीचं पाणी दलदलीवरून येतं, कोमट, गढूळ, रोगट. उत्तरेचा वारा चार दिवस वाहिला की भरतीबरोबर भर समुद्रातलं पाणी आत येतं. काचेसारखं. हा नियम मोडला म्हणून मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याला कामावरून काढलाय."

"शनिवारी पाणी कोणी भरलं?"

"मी पोर्टलंडला होतो. व्हर्ना आणि टावोची पाळी होती. हे बघ वहीत. आठही टाक्या, साडेनऊ, भरती, वारा उत्तर."

व्हर्ना कोल्टरची तब्बल एकतीस वर्षं याच शेडमध्ये गेली होती. ती कोपऱ्यात गाळणीची कापडं घडी करत होती, आणि हेल्मीने बघितलं की ती एकच कापड तिसऱ्यांदा घडी करत होती.

"व्हर्ना, तुम्ही होतात ना शनिवारी?"

"वहीत लिहिलंय ना, पोरी. मग मला कशाला विचारतेस?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"तोंडाने सांगितलं तरी साडेनऊच." व्हर्ना उठली आणि बाहेर गेली. एकतीस वर्षांत तिने कोणाकडे अशी पाठ फिरवल्याचं हेल्मीला आठवत नव्हतं.

तेवढ्यात वरच्या माळ्यावरून आवाज आला. "ॲसिडचा कॅन शोधताय का? तो माझ्याकडे आहे."

३

माळ्यावर डॉ. कॅरिस ओडेल बसत असे. विद्यापीठातून आलेली, तिशीची, बारीक चणीची बाई. गॉर्डीने तिला एक टेबल भाड्याने दिलं होतं आणि तेव्हापासून तो पस्तावत होता.

"बाटल्या धुवायला आणला होता," कॅरिस म्हणाली. "पण हे बघा, सीलसुद्धा फोडलेलं नाही."

गॉर्डीने कॅन उचलून उलटासुलटा केला. सील शाबूत होतं. "ही सुद्धा संशयितच आहे, हेल्मी," तो तिच्यासमोरच म्हणाला. "दिवसभर माझ्या पाण्यात नळ्या बुडवत असते. हॅचरी बुडाली की हिचा निबंध छापून येईल."

"हॅचरी बुडाली तर माझे नमुने कुठून येतील, मिस्टर प्रुइट? ज्या फांदीवर बसायचं ती तोडायला मी खुळी नाही." कॅरिसने सूक्ष्मदर्शक हेल्मीकडे सरकवला. "भांडण नंतर करू. आधी हे बघा. ही आठव्या टाकीतली."

इवलीशी पारदर्शक शिंपली. एक बाजू सरळ, दुसरी गोल, कडा स्वच्छ.

"आणि ही तिसऱ्या टाकीतली."

तीच शिंपली, पण जणू कोणी अर्ध्यावर सोडून दिलेली. सरळ बाजू वाकडी, कड कुरतडलेली, एका जागी कवचच नाही आणि आतलं मांस उघडं. हेल्मीने पाच-सहा बघितल्या. सगळ्या तशाच. दोन दिवसांचे जीव, पण तिला ते बघवेना.

"विषाने असं होतं?"

"हेच मला खटकतंय. त्याच थेंबात उजवीकडे बघा. तो पोहतोय ना, तो झिंग्याच्या जातीचा बारका किडा. मजेत आहे. पिल्लांना खायला घातलेलं शेवाळ, तेही हिरवंगार. विष पडलं असतं तर पंगतीतले सगळे मेले असते. इथे ज्याला चुन्याचं कवच बांधायचं होतं, तेवढंच मेलं."

"मग पाण्यात आहे काय?"

कॅरिस घुटमळली. गॉर्डीकडे बघून तिने मीटरची पट्टी हेल्मीच्या हातात दिली. "आकडा जेवढा खाली तेवढं पाणी आंबट. आठवी टाकी आठच्या थोडी वर. बाकीच्या टाक्या सात पूर्णांक सहाच्या आसपास."

गॉर्डीने टेबलावर मूठ आपटली. "म्हणजे ॲसिडच! कॅन हा नसेल, दुसरा असेल. बाजारात कॅनला काय तोटा? आता आणखी काय पुरावा हवाय तुला?"

आंबट पाणी, जिवंत राहिलेली एकच टाकी आणि त्या टाकीच्या माणसाची कबुली. वकिलाला एवढं ऐकवलं असतं तर तो शुक्रवारपर्यंतही थांबला नसता.

४

टावोची बायको नेलिडा कालवं फोडण्याच्या शेडमध्ये काम करायची. त्या दिवशी ती घरीच होती. दार उघडलं, हेल्मीचा गणवेश बघितला आणि दारातच हात कमरेवर ठेवून उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याने कुणाला विष घातलं म्हणे! घरात झुरळ निघालं तर कागदावर घेऊन बाहेर सोडतो हो तो. मला म्हणतो, तुझा जीव का घाबरा होतो?"

"मी त्याला सोडवायला आले आहे असं समजा. पण तो बोलत नाही. तुम्ही बोला."

नेलिडाने तिला आत घेतलं. रडून झालेल्या घरात कोणी आलं की बाई आधी चुलीकडे वळते, तशी ती वळली. थोड्या वेळाने हेल्मीसमोर बशी आली. लिंबू, कांदा, मिरची घातलेल्या रेझर शिंपल्या, लांबट, वस्तऱ्यासारख्या.

हेल्मीने एक तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली. "ताज्या आहेत."

"टावोनेच खणल्या."

"कधी?"

नेलिडाला आपण काय बोललो ते उशिरा कळलं. पण किनाऱ्यावर जन्मलेल्या हेल्मीला फार काही विचारावं लागलं नाही. रेझर शिंपल्या हव्या तेव्हा खणता येत नाहीत. सरकार मोजके दिवस जाहीर करतं, आणि या हंगामातला शेवटचा दिवस म्हणजे गेला शनिवार होता. मोठी ओहोटी सकाळी सात वीसला. अर्धा परगणा फावडी घेऊन वाळूत उतरला होता. हेल्मी स्वतः उतरली होती.

"सातला ओहोटी, आठपर्यंत खणून झालं. साडेनऊला पंपावर सहज पोचला असेल," हेल्मी म्हणाली. तिने खिडकीतून बघितलं. बाहेर टावोचा ट्रक उभा होता, आणि दाराच्या कडीपर्यंत त्याच्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली होती. "पण ट्रक पोचला नाही. रुतला ना?"

नेलिडा खुर्चीत बसली. "मी सांगितलं होतं, पाण्याच्या एवढ्या जवळ लावू नको. भरती आली आणि चाकं बसली. इंजिनापर्यंत पाणी! ओढून काढायला माणूस मिळेना, त्या दिवशी दहा गाड्या रुतल्या होत्या. दोन वाजले. मग ट्रक इथे आणून टाकला, शेजाऱ्याची गाडी घेतली आणि कामावर गेला, तेव्हा चार वाजून गेले होते. म्हणाला, कुणाला सांगू नको, मालक काढून टाकतील."

हेल्मी तशीच हॅचरीत गेली. गाळणीची आठ कापडं दोरीवर वाळत होती. सात पांढरी. आठव्यावर तपकिरी डाग, आणि शिवणीत अडकलेले सागरी गवताचे हिरवे तुकडे. ते गवत फक्त खाडीच्या उथळ भागात उगवतं. भरतीच्या नितळ पाण्यात ते कधी येत नाही.

व्हर्ना मागे उभी होती. "मी धुतलं होतं ते," ती म्हणाली. "शिवणीत राहिलं वाटतं."

"वही तुम्ही लिहिलीत."

"वही मी शुक्रवारीच लिहून ठेवते. भरतीची वेळ तक्त्यात असते, वारा चार दिवस तोच, टाक्या आठच. चुकणार काय? एकतीस वर्षांत कधी चुकलं नाही." ती म्हणाली. "सात मी भरल्या. आठवीचा व्हॉल्व्ह जड आहे, माझ्या खांद्याला झेपत नाही, ती तोच भरतो. तो आला चारनंतर. बिचारा थरथरत होता. पाच वाजता भरली, ओहोटीच्या पाण्याने. मी म्हटलं, जाऊ दे, कोणाला कळतंय! वही बदलली नाही. आणि आज पोलिस त्याला घेऊन गेले तरी माझं तोंड उघडलं नाही, हेल्मी. मला या वयात दुसरं काम कोण देणार?"

हेल्मीला तिचा राग यायला हवा होता. तो आलाच नाही. गॉर्डीचा सगळा पुरावा एका वाक्यावर उभा होता, आठही टाक्यांत एकच पाणी होतं. ते वाक्यच खोटं निघालं होतं.

५

बुधवारी सकाळी आठ वाजता तिने कोठडीत टावोसमोर कॉफी ठेवली.

"शनिवारी पाच वाजता भरलीस. ओहोटी, गढूळ पाणी. मला सगळं कळलंय. आता बोल."

टावोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मग तुम्हाला कळलंच आहे, बाई. रोग मी आणला. मालक सारखं सांगतात, ओहोटीच्या पाण्यात रोग असतो. मी तेच पाणी आत घेतलं. आणि रविवारी अंडी सोडल्यावर सगळ्या टाक्या मीच ढवळल्या. एकाच दांड्याने. आधी आठवी, मग बाकीच्या. मधे दांडा धुतला नाही."

"म्हणून माझ्यामुळे मेली म्हणालास?"

"मग कुणामुळे? खाडीतली सगळी माणसं यावर्षी बी कुठून आणणार? त्यांच्या घरांत माझ्या मुलीच्या मैत्रिणी आहेत. मी ॲसिड टाकलं असं मालक म्हणतात, ते खोटं आहे. पण मारलं मीच. मग कशाने मारलं यावर भांडून काय करू?"

हेल्मीला भडभडून आलं. माणूस प्रामाणिक असावा, पण इतका की खोट्या आरोपाखाली मान द्यावी? तिने रागानेच विचारलं, "अरे, पण रोग तुझ्या टाकीतून निघाला, तर तुझीच टाकी कशी जगली?"

"आणणारा कधी कधी बरा राहतो, बाई. आमच्या गावात तापाच्या साथीत तसं झालं होतं."

उत्तर वाईट नव्हतं. पण कॅरिसने दाखवलेला तो किडा हेल्मीच्या डोळ्यांसमोर आला, मेलेल्या पिल्लांत मजेत पोहणारा. आणि आंबट पाणी. रोगाने पाणी एवढं आंबट होत नाही, आणि झालं असतं तर रोग जिथून निघाला ती आठवी टाकी आधी झाली असती. कालपासून सगळे एकच प्रश्न विचारत होते, की सात टाक्यांत कोणी काय टाकलं. कोणी काही टाकलंच नसेल तर? ज्याने नियम मोडला त्याची टाकी जगली. नियमाने भरलेल्या सातही मेल्या.

तिने तिथूनच कॅरिसला फोन लावला. "तुझं ते मीटर घेऊन धक्क्यावर ये. हॅचरीच्या पाण्याला हात लावू नकोस. खाडीतलं पाणी हवंय, पंपात शिरायच्या आधीचं."

वारा उत्तरेचाच होता, नववा दिवस. त्या दिवशीची ओहोटी साडेदहाला संपली, भरती लागली. साडेअकराला पाणी असं आलं की दहा हात खालचा खडा दिसावा. थंडगार, नितळ. गॉर्डीच्या वडिलांनी बघितलं असतं तर टोपी काढली असती.

कॅरिसने नळी बुडवली. आकडा खाली, आणखी खाली गेला आणि थांबला. सात पूर्णांक सहा.

"कोणी ॲसिड टाकलं म्हणायचं आता?" हेल्मी पुटपुटली. "अख्ख्या समुद्रात?"

"टाकलंय," कॅरिस म्हणाली. "आपण सगळ्यांनी."

६

आठवी टाकी खरी कधी भरली ते हेल्मीने गॉर्डीला आधीच सांगितलं होतं. पण बाकीचं पटवायला कॅरिसला अर्धा तास लागला, आणि तरी पटलं नाहीच.

"उत्तरेचा वारा वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतो," ती सांगत होती. "त्याच्या जागी खोल समुद्रातलं पाणी वर येतं. तळाचं पाणी पहिल्यापासूनच आंबट असतं, कुजणाऱ्या जिवांमुळे. त्यात आता आपला धूर मिसळलाय. चुलींचा, गाड्यांचा, कारखान्यांचा. धुरातला तो वायू, कार्बन डायऑक्साइड, समुद्र गिळतो आणि पाणी आणखी आंबट होतं. जे पाणी आज वर आलं, ते कित्येक वर्षांपूर्वी हवा पिऊन खाली गेलेलं आहे. अशा पाण्यात कवचाला लागणारा चुना सुटा मिळत नाही. मोठं कालव कसंबसं भागवतं. पिल्लाला पहिल्या दोन दिवसांत, अंड्यातल्या शिदोरीवर, आख्खं कवच उभं करायचं असतं. शिदोरी संपते, कवच होत नाही."

"आणि ओहोटीचं घाण पाणी चांगलं? हे शिकवतात का विद्यापीठात?"

"ते पाणी दुपारभर उन्हात गवतावर उभं राहिलेलं असतं. गवत तोच वायू खातं. संध्याकाळपर्यंत पाणी सुधारतं."

"माझे बाबा खुळे होते म्हणायचं!"

"नाही, गॉर्डी," हेल्मी म्हणाली. "त्यांचा नियम त्यांच्या काळच्या पाण्यासाठी बरोबर होता. पाणी बदललं."

"गप गं. तू कधीपासून शास्त्रज्ञ झालीस? टावोने स्वतः कबूल केलंय आणि शुक्रवारी बाराला आरोप दाखल होतोय. मी तक्रार मागे घेणार नाही."

हेल्मीने घड्याळ बघितलं. बुधवार, दुपारचा सव्वा वाजला होता. मीटरचे आकडे दाखवून वकील ऐकणार नव्हता. त्याला हवा होता तक्रारदार, आणि तक्रारदार हा समोर बसलेला हट्टी माणूस होता.

"ठीक आहे. दोन पिंपं घे," ती म्हणाली. "एक तू भर. आत्ता, भरती चालू आहे, वारा उत्तरेचा आहे. तुझ्या हाताने, तुझ्या वडिलांच्या नियमाने. वर झाकण, झाकणाला तुझं कुलूप, किल्ली तुझ्या खिशात. दुसरं व्हर्ना संध्याकाळी साडेसहाला भरेल, ओहोटीच्या पाण्याने, त्यालाही तुझंच कुलूप. दोन्ही सारखी तापवायची, एकाच मादीची अंडी दोन्हींत. शुक्रवारी सकाळी दहाला उघडू. तुझं पिंप जगलं तर मी स्वतः वकिलाला सांगेन की टावोवर आरोप ठेव."

"आणि माझं मेलं तर?"

"तर त्यात विष कोणी टाकलं ते तू मला सांगायचंस."

गॉर्डी हसला, दोन दिवसांत पहिल्यांदा. त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्याने बाही वर सारली, पिंप तीनदा घासलं, पंपाचा खटका दाबला आणि काचेसारखं पाणी आत पडताना बघत उभा राहिला.

हेल्मीचा जीव मात्र टांगणीला लागला. एक पैज तिने दुसऱ्याच्या संसारावर लावली होती. कॅरिसचं चुकलं असेल तर? गवताच्या पाण्यात खरंच रोग असेल तर? गुरुवारी नेलिडाचा तीनदा फोन आला आणि तिन्ही वेळा हेल्मीला सांगण्यासारखं काही नव्हतं.

७

शुक्रवारी दहाला शेडमध्ये चौघं होती. गॉर्डी, व्हर्ना, कॅरिस, हेल्मी. दोन्ही कुलपं गॉर्डीनेच काढली. कॅरिसने दोन्ही पिंपांतून थेंब घेतले, काचेवर ठेवले आणि मागे सरली.

"मी बघणार नाही," ती म्हणाली. "तुम्ही बघा. नंतर म्हणाल, हिने सांगितलं."

गॉर्डीने आधी व्हर्नाच्या पिंपातला थेंब बघितला. बराच वेळ. मग काच बदलली. त्याने डोळा टेकवला, भिंग फिरवलं, परत फिरवलं. शेडमधल्या पंपांचा आवाज तेवढा चालू होता. व्हर्नाने हेल्मीचं मनगट धरलं आणि ती ते इतकं आवळत गेली की हेल्मीला दुखलं.

गॉर्डीने काच काढून दुसरा थेंब घेतला. मग तिसरा. दहा वाजून वीस मिनिटं झाली.

"गॉर्डी," हेल्मी म्हणाली. "विष कोणी टाकलं?"

तो वर बघेना. "सरळ बाजू वाकडी आहे," तो म्हणाला. "सगळ्यांची. कवचच धरलेलं नाही. व्हर्नाच्या पिंपातली मात्र धडधाकट पोहतायत." मग खिशातली किल्ली काढून त्याने टेबलावर ठेवली. "मीच भरलं ना. माझ्याच हाताने भरलं. दोन दिवस किल्ली खिशातून काढली नाही मी." तो पन्नाशीचा माणूस खाली बसला आणि व्हर्नाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "सहा वर्षं, व्हर्ना. दर मे महिन्यात थोडी थोडी मरत होती. मी म्हणायचो, कोणीतरी नियम मोडतंय. मेव्हण्याला काढला. कामावरच्या हेनरीलाही काढला. आणि नियम पाळून मीच मारत होतो."

"आत्ता रडायला वेळ नाही," हेल्मी म्हणाली. "साडेदहा झाले. वकिलाला फोन कर."

फोन केला. वकील जागेवर नव्हता. दुसऱ्यांदा केला, तर तो न्यायालयाकडे निघाला होता. मग गॉर्डीने टोपी उचलली आणि तो हेल्मीच्या गाडीत जाऊन बसला. सत्तावीस मैलांचा रस्ता. पुढे लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक रांगत होता आणि तो वाट देईना. हेल्मीने सायरन लावला. कालवाच्या पिल्लांसाठी सायरन लावणारी परगण्यातली ती पहिलीच पोलिस असेल. बाराला सात मिनिटं कमी असताना गॉर्डी न्यायालयाच्या पायऱ्यांवर वकिलाच्या आडवा उभा राहिला, आणि त्याने तिथेच कागदावर लिहून दिलं की गुन्हा घडलेला नाही.

"मग एवढं नुकसान झालं ते कोणी केलं?" वकिलाने वैतागून विचारलं. "रकान्यात काय लिहू?"

"लिहू नका काही," गॉर्डी म्हणाला. "तुमच्या रकान्यात मावणार नाही."

कोठडीचं दार उघडलं तेव्हा टावो उठून उभा राहिला. मालकाला बघून तो आणखीच ताठ झाला. गॉर्डीने रस्ताभर काहीतरी जुळवलं होतं, माफीचं, मोठं. ते सगळं त्याने बाजूला ठेवलं.

"टावो, आज ओहोटी कधी लागते?" तो एवढंच म्हणाला.

"सहानंतर, मालक."

"मग सातला पंप लावू. टाक्या धुवून ठेवल्यात. तू सांगशील तेव्हा व्हॉल्व्ह उघडायचा. मला ते पाणी कळत नाही, तुला कळतं."

टावोला काही समजेना. त्याने गॉर्डीकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं. सुटलो का, अर्जाचं काय, नेलिडा कुठे आहे, यातलं त्याने काहीच विचारलं नाही. तो हेल्मीकडे वळला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाई, मग ती पिल्लं मी नाही मारली?"

"नाही रे बाबा," हेल्मी म्हणाली. "जगली तेवढी तुझ्यामुळे जगली."

तेव्हा कुठे टावो रडला. गॉर्डी त्याच्या शेजारी बाकावर बसला आणि दोघंही बराच वेळ तिथून उठले नाहीत.